नापासकाकांचे रविवार

नापासकाका गाडी आधी हुंगायचे. विकणारा बॉनेट उघडून इंजिनाचं कौतुक सांगत असायचा, आणि हे सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, अंगात पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट, दार उघडून डोकं आत घालायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुग्रामच्या एका उंच सोसायटीचं बेसमेंट, समोर पिवळीधमक स्पोर्ट्स कार, शेजारी तिचा केसांना जेल चोपडलेला मालक, आणि आमचे काका सीटमध्ये नाक खुपसून! मग ते बाहेर आले आणि एवढंच म्हणाले, "पाणी." मालक म्हणाला, "अरे अंकल, एसी का पानी होगा." काकांनी सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिले, पार शेवटापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या चिखलाचा थर होता. "पुरात बुडालेली गाडी आहे, मनू. सगळं धुतात, पण बेल्ट शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही. चल." आणि निघालेसुद्धा.

काका काही माझे सख्खे नव्हेत. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. बाबा आणि ते एकाच मंत्रालयात. बाबा फायलींत, काका गाड्यांत. कुठली सरकारी गाडी आता चालवण्यालायक उरली नाही हे ठरवणाऱ्या समितीवर त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली. ऑफिसात त्याला 'कंडेम करणं' म्हणायचे. नाही म्हणायची इतकी सवय जडली होती, की लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढली तरी म्हणायचे, "पाक कच्चा आहे," आणि मग चार खायचे. 'नापासकाका' हे नाव बाबांनी ठेवलं. काकूंना ते इतकं आवडलं, की त्यांनीही दुसरं नाव घेतलं नाही.

पुढे क्वार्टर्स सुटली, बाबा गेले, काकू गेल्या. काका मयूर विहारला एकटे राहायला लागले. त्यांची स्वतःची गाडी दिल्लीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद करायच्या नियमात आली तेव्हा त्यांनी ती बाहेरगावच्या एका मास्तरांना देऊन टाकली. दुसरी घ्या म्हटलं तर म्हणाले, "आता शेजारी कुणाला बसवू?" मला ते ऐकून इतकं भरून आलं, की मी उगाचच चहात साखर आहे का बघायला उठले.

आणि मला नेमकी तेव्हाच स्पोर्ट्स कार घ्यायची होती. दोन सीटची, जमिनीला टेकलेली, आवाज करणारी. का म्हणून विचारू नका. चाळिशी उलटली होती, पगार बरा होता, लग्न मोडून बरेच दिवस झाले होते, आणि मला ती हवी होती, बस! आई म्हणाली, "बाई गं, त्यापेक्षा मोठी घे, चारजण बसतील." कोण चारजण? आम्ही दोघीच तर राहतो. नवी परवडणं शक्यच नव्हतं, म्हणून वापरलेली. आणि वापरलेली म्हटल्यावर काका.

काकांचा पहिला नियम असा, की इंजिन थंड असताना गाडी बघायची. मालकाला दहाची वेळ द्यायची आणि आपण नऊलाच दारात उभं राहायचं. गेल्या गेल्या ते बॉनेटवर तळहात ठेवायचे, पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. गरम लागलं की मला मराठीत म्हणायचे, "हिला आधीच उठवून ठेवलीय. थंडीत चालू होताना काहीतरी बोलते ही, ते आपल्याला ऐकू द्यायचं नाहीये." मग मालकाला गोड हसून सांगायचे, "जी, हम शाम को आते हैं, बंद रखिएगा." मालकांची तोंडं बघण्यासारखी व्हायची.

स्पोर्ट्स गाडीखाली माणूस शिरू शकत नाही. काका खिशातून वर्तमानपत्र काढायचे, जमिनीवर पसरायचे, त्यावर आडवे होऊन गाल टेकवायचे आणि टॉर्च मारायचे. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांनी या गाड्यांची पोटं खरवडून काढलेली असतात. "वरून नवरी, खालून बघ जरा," असं म्हणत ते मलाही बळेच आडवं करायचे. ऑफिसात ज्यांच्यासमोर मी प्रेझेंटेशन देते त्यातलं कुणी तिथून जात नसू दे, एवढीच तेव्हा माझी प्रार्थना असायची.

कागद मात्र शेवटी. "कागद शहाणे असतात, मनू. गाडी भोळी असते. आधी भोळ्याशी बोलावं." एकदा एका निळ्या गाडीचे कागद अगदी चोख निघाले. एकच मालक, कर्ज फिटलेलं, सर्व्हिस वेळेवर. मी मनातल्या मनात पार्किंगची जागासुद्धा ठरवली. काकांनी माझ्या फोनवर गाडीचे चलान काढायला लावले. सगळे वेगाचे, सगळे एकाच एक्स्प्रेसवेवरचे आणि सगळे रविवारी पहाटेचे. "शर्यती लावतो हा," काका म्हणाले. मग ब्रेकच्या डिस्कवर बोट फिरवून झिजून कडेला पडलेली धार मला दाखवली. माझं तोंड उतरलं. मालक खाली मान घालून म्हणाला, "कभी-कभी, अंकल."

गाडी का विकताय, हे ते कधीच विचारायचे नाहीत. "खरं कोण सांगतंय? त्यापेक्षा विचार, शेवटची लांब फेरी कुठे झाली." हा प्रश्न त्यांनी पंजाबी बागेतल्या एका म्हाताऱ्या सरदारजींना विचारला. गाडी मुलाची, मुलगा कॅनडात. शेवटची फेरी विमानतळापर्यंतची होती. एवढं सांगून सरदारजी जे बोलत सुटले ते थांबेचनात. सरदारनींनी मुळ्याचे पराठे केले, काकांनी वर लोणी घालून घेतलं, दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांचे हात धरले. मला वाटलं, झालं, आता काका ही नापास करूच शकत नाहीत. जिना उतरताना म्हणाले, "चासी वाकलीय, गाडीचा सांगाडाच. आणि त्यांना सांगू नकोस, बिचाऱ्यांना ठाऊक नाहीये." मग गेटपाशी थांबून वर गॅलरीकडे बघत हात हलवला.

प्रत्येक नापास गाडीनंतर आम्ही कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनला जायचो. थालीपीठ, नाहीतर साबुदाणा वडा. तिथे माझी शिकवणी. मी दिल्लीत वाढलेली; माझं मराठी म्हणजे "गाडी थोडी आवाज करते" इथे संपायचं. काका चिडायचे. "कसला आवाज? कुरकुर, करकर, खडखड, घरघर, की सूं सूं? कुरकुर सीटची, करकर ब्रेकची. घरघर लागली तर माणूस काय नि गाडी काय, डॉक्टरच गाठायचा." शेजारच्या टेबलावरचे नाशिकचे कुणी साहेब ऐकत राहायचे. ज्या भाषेत माझे आईबाप भांडले, ती मला पुरी आली ती गाड्यांमुळे, हे मी कुणालाही सांगते.

पण माझाही जीव होता की नाही? एका रविवारी एक राखाडी गाडी इतकी छान निघाली, की मी श्वास रोखून उभी. काकांनी हुंगली, ओढली, ठोकली, ऐकली. आणि म्हणाले, "ड्रायव्हरकडची काच वेगळ्या वर्षाची आहे. नको." माझा पारा चढला. "काका, काच आहे ती! दिल्लीत काचा फुटतात!" त्यांनी टॉर्च खिशात टाकला. कँटीनमध्ये त्या दिवशी शिकवणी झाली नाही.

घरी येऊन मी आईपुढे थयथयाट केला. आई मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, एकदा गाडी पास केली, की ते रविवारी कुठे जाणार?"

कशी गं मी एवढी ठोंबी! आणि मग मला कळलं, की माझंही तेच होतं. शनिवारी संध्याकाळपासून मला उद्याची वाट असायची, आणि ती गाडीची नसायची.

त्यानंतर मी मुद्दाम भंगार गाड्या शोधायला लागले. फोटोतच एका बाजूचा रंग वेगळा दिसावा अशा. काका इमानदारीने सगळं करायचे, हुंगण्यापासून कागदापर्यंत. फक्त एकदा वडा मोडता मोडता म्हणाले, "मनू, तुला हल्ली डोळ्यांची तपासणी करून घ्यायला हवी." मी म्हटलं, "हो ना, काका." आणि दोघंही वडा खात राहिलो.

मग तो हिवाळा आला. धूर नेहमीचाच, पण काकांचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी दिल्ली सोडा म्हणून सांगितलं. नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलीने तिकीट काढलं. हे मला त्यांनी नोएडाला जाताना, माझ्या रोजच्या गाडीत, खिडकीबाहेर बघत सांगितलं. "आता कायमचाच जातोय. जायच्या आधी तुझी गाडी झाली पाहिजे. ही मीच शोधलीय." मी रस्त्याकडे बघत राहिले. बोलायला गेले असते तर गाडी बाजूला घ्यावी लागली असती. पुढच्याच हिवाळ्यात काका नागपूरला वारले. पण मला त्यांची आठवण आली, की नागपूर आठवत नाही. मला तो नोएडाचा रविवार आठवतो.

मालक हवाई दलातले निवृत्त अधिकारी होते. गाडी गडद हिरवी, दोन सीटची, बॉनेट बर्फासारखं गार. काकांनी हुंगली. बेल्ट ओढला. दाराची रबरं सोलून आतले जोड बघितले. इंजिन चालू केलं आणि कान देऊन उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, काढा ना काका, काहीतरी खोट काढा. काच बघा, काच! एरवी माझा सगळा जीव पास होण्यात अडकलेला असायचा. आज ही गाडी पास झाली, की आमचं संपणार होतं.

वर्तमानपत्र त्यांनी पसरलं, पण गुडघा वाकेना. खोकल्याची उबळ आली. "तू हो आडवी," म्हणाले. मी गाल जमिनीला टेकवला, टॉर्च मारला. वरून त्यांचा आवाज येत होता, "काय दिसतंय?" काय दिसणार? स्वच्छ, कोरडं, नव्यासारखं. त्या भल्या माणसाने प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका ओलांडला असणार.

"ऑइल गळतंय, काका," मी म्हटलं.

काकांचे बूट माझ्या डोक्याजवळ आले.

"कुठे?"

"मागे. बरंच गळतंय. नकोच ही."

"बोट लाव, आणि मला दाखव."

मी हात आत घातला, बोट लावलं, उठून उभी राहिले आणि बोट पुढे केलं. कोरडं ठणठणीत. काकांनी चष्मा वर सरकवून ते नीट बघितलं. मग खिशातून रुमाल काढला आणि माझं बोट पुसलं. सावकाश, दोन्ही बाजूंनी, नखाच्या कडेनेसुद्धा. मी ओठ दाबून उभी होते, पण डोळ्यांनी ऐकलं नाही. भर गेटात, अंगाला धूळ लागलेली, मी हमसून हमसून रडायला लागले.

मालक घाबरले. "क्या हुआ? मॅडम को गाड़ी पसंद नहीं आई?"

काकांनी रुमालाची घडी केली, ती माझ्या हातात दिली.

"बहुत पसंद आई है, जी," ते म्हणाले. "आप काग़ज़ ले आइए."