पाटीखालची खुर्ची

नाशिक रोडच्या आमच्या सोसायटीत, लॉबीत ऊर्जाबचतीच्या प्रमाणपत्राची चकचकीत पाटी आहे, ताऱ्यांसकट. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे एक काका उन्हाळ्यात रोज दुपारी तिच्याखालीच प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायचे, मानेवर ओला पंचा. नाव मी कधी विचारलं नाही.

"वर बसवत नाही का हो?" एकदा विचारलं.

"स्लॅब लय तापतो. चौकशी केली, तर म्हणे तारे बिल्डिंग बांधायच्या आधीच, नकाशा बघून मिळालेत. फ्लॅट घेताना आम्ही पण पाटीच वाचली, भिंतीला हात लावून बघितला नाय."

लॉबी वाईट दिसते म्हणून कमिटीने खुर्ची उचलली. काका वरच बसू लागले. त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात वारले.

काल त्यांचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. एजंटने त्यांना आधी पाटीसमोर उभं केलं.