स्कार्फखालचा निळा डाग

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग पुण्यात एका युनिटच्या एमआय रूमवर, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात होती. मी नायक, नर्सिंग असिस्टंट. सकाळी सातला सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी. रोज तेच ताप, टाचा, पोट. चौदा वर्षांच्या नोकरीने मी कंटाळलो होतो, हे आधीच सांगतो.

सातला दहा कमी असताना हवालदार वानखडे आले. अकोल्याकडचे, कधी सिक न होणारे.

"घशात काही अटकून राह्यलं, भाऊ. थुंकीही गिळवत नाही." आवाज बसला होता.

टॉर्च मारला. घसा जरा लाल.

"स्कार्फ सोडा."

"राहू दे. साडेसातला गार्ड माउंटिंग आहे."

गार्ड माउंटिंगला, म्हणजे पहारा बदलायच्या परेडला, गळ्यात रेजिमेंटचा स्कार्फ लागतो आणि तो चुणी न पडता बांधायला वेळ लागतो. मी आग्रह केला नाही. मिठाच्या गुळण्या सांगितल्या आणि रजिस्टरमध्ये लिहिलं: मेडिसिन अँड ड्यूटी. म्हणजे औषध घ्या आणि कामावर जा.

सव्वाअकराला दोघांनी त्यांना धरून आणलं. स्कार्फ मी कात्रीने कापला. हनुवटीखालून छातीपर्यंत कातडी निळीजांभळी.

"मारामारी केलीत?" कुणीतरी विचारलं. वानखडेंनी नकारार्थी मान हलवली.

आमच्या डॉक्टर कॅप्टन मॅडमनी पेनने डागाची कड आखून शेजारी वेळ लिहिली. वीस मिनिटांत रंग रेघेखाली दोन बोटं उतरला.

"हा मार नाही. आतून रक्तस्राव होतोय. ॲम्ब्युलन्स."

हॉस्पिटलात सीटी झाला. रक्तात कॅल्शियम वाढलेलं होतं. थायरॉइडमागच्या बारक्या ग्रंथीत गाठ होऊन ती आपोआप फुटली होती. श्वास मोकळा असला तर लक्ष ठेवून थांबतात, रक्त जिरतं, गाठ नंतर काढतात. वानखडेंची श्वासनळी रक्ताने दाबली गेली होती. श्वासासाठीची नळी तिसऱ्या प्रयत्नात आत गेली. तोवर उशीर झाला होता. एक वाजून पाच मिनिटांनी ते गेले.

"सकाळी डाग होता?" मॅडमनी विचारलं.

"पाहिलं नाही, मॅडम."

त्यांनी रजिस्टरमधली माझी सकाळची ओळ वाचली आणि खाली सही केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता फौजेतून निवृत्त होऊन हडपसरला एका दवाखान्यात ड्रेसिंग करतो. घसा दुखतो म्हणून कुणी आलं की वरची बटणं काढायला लावतो. परवा मूळचे शनिवार पेठेतले एक आजोबा म्हणाले, "अहो, घसा आतून दुखतोय. बाहेरून रंगवायचाय का आपल्याला?"

"पाहू द्या," म्हटलं.

गळा स्वच्छ होता. आजोबांनी बटणं परत लावली. अर्धं मिनिटही गेलं नाही. वानखडेंच्या स्कार्फला पाच मिनिटं लागली असती.