शिष्टरबाईंचा सोन्या

बाळंतपण झालं की आमच्या गावच्या सरकारी नर्स, शिष्टरबाई, दाराशी येऊन आधी वजन सांगायच्या. "तीन किलो! घसा लई मोठा हाय, समदं तलवाडा गाव जागं करीन." बाहेरचे विचारायचे, "पण हाय काय?" त्या म्हणायच्या, "माणूस हाय. आधी तिला गरम पाणी द्या, मग सांगते." माझ्या दोन्ही भावांचं वजन त्यांनीच असं अंगणात ओरडून सांगितलं होतं.

मी बारावी झाले तेव्हा माझे वडील, दादा, म्हणाले, "पोरीला शिकवून काय कलेक्टर करायची?" शिष्टरबाई आमच्याच ओट्यावर चहा पीत होत्या. "मग काय म्हशीमागं फिरवता? करा सही!" दादांनी सही केली. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि कॉलेजच्या अर्जावरचं अक्षर त्यांचं. हे मी आजही अभिमानानं सांगते.

मी कॉलेजात गेले त्या साली, लग्नाला आठ वर्षं झाल्यावर, शिष्टरबाईंना मुलगी झाली, सोनी. आणि त्याच साली त्यांनी सरकारी नोकरीचा राजीनामा दिला. माजलगावात एका डॉक्टरनं पोट बघायचं नवं मशिन आणलं होतं. त्यात त्या भागीदार झाल्या. "तिकडं मरेपर्यंत शिष्टरच राहिले असते. इथं पाटीवर माझं नाव लागणार हाय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्याकडेच राहायला गेले. सकाळी कॉलेज, दुपारी दवाखान्यात सोनीला सांभाळणं.

मशिन बाळाची तब्येत बघायला असेल असं मला वाटायचं. लांबलांबून जिपा यायच्या. सासू पुढं, सून मागं. डॉक्टर तोंडातून शब्द काढत नसत. शिष्टरबाई बाहेर येऊन सासूच्या कानाशी लागायच्या. काही जणी हसत जायच्या. काहींना त्या सांगायच्या, "गुरुवारी या. उपाशीपोटी." महिन्याभरात मला सगळं कळलं. मी विचारलं नाही, आणि त्यांनीही माझ्याकडं सरळ बघणं सोडलं.

एकदा एका म्हातारीनं फ्रॉकमधल्या सोनीकडं बोट केलं. "बाई, समद्यांच्या लेकी वळखिता, अन् तुमची कशी सुटली वो?" सगळे हसले. शिष्टरबाईही हसल्या. दुसऱ्या दिवशी सोनीच्या कानातल्या बाळ्या निघाल्या, अंगात चड्डी-शर्ट आला. "इथं हा सोन्या. इसरायचं न्हाई," त्यांनी मला बजावलं. मग सासवा शकुन म्हणून सोन्याला सुनांच्या मांडीवर बसवू लागल्या. डॉक्टर खूश.

एका दुपारी असंच एकीच्या मांडीवर सोनीनं चड्डी ओली केली. मी पोचायच्या आत सासूनं चड्डी काढली. "आगं बया! पोरगी हाय ही!" तिनं सुनेला दंडाला धरून असं उठवलं, जणू तिला काही डसलंय. बाकावरच्या बायाही पदर सावरत उठल्या.

डॉक्टर ओरडले नाहीत. "पोरीला इथून हलवा, नाहीतर तुम्ही घरी बसा. पाटी रंगवून आली आहे."

"बाई, चला आपण," मी म्हणाले.

"कुठं? नोकरी सोडून बसलीय मी." मग सोनीकडं न बघता, "हिला उमापूरला माझ्या आईकडं पोचव. वरचं दूध लावा म्हणावं."

सात महिन्यांची पोर घेऊन मी एस.टी.त बसले. उमापूरला दोन दिवस तिनं बाटलीला तोंड लावलं नाही. आजी वाटी-चमच्यानं पाजायची, ती थुंकायची, रडून रडून झोपायची. तिसऱ्या दिवशी मी परत आले, ते हे सांगून शिष्टरबाईंना घेऊन जायचं ठरवूनच.

दारावर पाटी लागली होती. बाईंचं नाव मोठ्या अक्षरात होतं. आत बाकं भरलेली. मी म्हणाले, "बाई, ती काहीच पीत न्हाई." शिष्टरबाईंच्या पांढऱ्या झग्यावर छातीशी दोन ओले डाग पसरत होते. त्यांनी फाईल उचलून छातीशी धरली, पुढच्या बाईचं नाव पुकारलं आणि सासूला म्हणाल्या, "या मावशी, आत या."