तीन सॉफ्टवेअर बघायचा कार्यक्रम

निपाणीत आमचं बियाण्यांचं नि खतांचं होलसेल दुकान आहे. आमचं म्हणजे आप्पांचं. मी तिथली क्लार्क, पण इतकी वर्षं झाली की 'आमचं' म्हणायची जिभेला सवयच लागलीय.

मध्यंतरी ऑफिसच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली. नवं कुठलं घ्यायचं ते ठरवायला आप्पांनी मला आणि त्यांच्या सुनेला बसवलं. सूनबाईंना तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे कोल्हापुरात. दुकानातला सगळा माल कॉम्प्युटरवर आणला तो त्यांनीच, पण आता त्यांची खुर्ची आप्पांच्या पुतण्याला द्यायची असं घरात घाटत होतं. बाळंतपणात कसलं गं काम, असं सासूबाईंचं म्हणणं.

"आक्का, एकदा खुर्ची गेली की परत मिळायची न्हाय," सूनबाई मला म्हणाल्या. "मग मी हाय आणि भाकरीचा तवा हाय."

म्हणून त्यांना एकच गोष्ट हवी होती. कोल्हापुरात बसून इथलीच फाइल उघडता यावी, आणि मी इकडं, त्या तिकडं, दोघींना एकाच वेळी लिहिता यावं.

बाकीच्यांच्या अपेक्षा ऐकल्या तर स्थळ बघायला निघालोय की काय असं वाटावं. मला एकाच पानावर वर कन्नड आणि खाली मराठी हवं, कारण कर्नाटकाच्या शेती खात्याला पत्र कन्नडमधून जातं आणि गिऱ्हाइकांना मराठीतून. गोदामवाल्यांना अक्षर पोत्याएवढं हवं. आप्पांना कागद छापून हातात हवा, आणि फाइल आपल्याच कपाटात. ऑनलाइनवाल्या फाइली क्लाऊडमध्ये असतात असं सूनबाईंनी सांगितलं, तर म्हणाले, "ढगात ठेवायला त्यो काय पाऊस हाय व्हय?" मला हसू आलं, पण मनातून मीही त्यांच्याच बाजूची. जुन्यातलं प्रत्येक बटण मला डोळे मिटून सापडायचं. नव्याचे नऊ दिवस, असं मी बोलूनही दाखवलं.

शेवटी तीन कॉम्प्युटरवर तीन चालू केली. एक पैसे भरून घ्यायचं जुनंच, एक फुकटचं, एक ऑनलाइन. तिन्हींत सोयाबीनच्या बियाण्याचा तोच तक्ता भरायला घेतला. कन्नड-मराठी तिन्हींनाही जमलं. छपाईत फुकटच्यानं समास खाल्ला, जुन्यानं खाल्ला नाही, तेव्हा मी सूनबाईंकडं जरा तोऱ्यातच बघितलं. दोघी इतक्या रमलो की वेळेचं भानच राहिलं नाही.

आप्पांचं घर जैन, जेवण दिवस मावळायच्या आत. त्यामुळं उन्हं कलली की ते उठतात आणि मेन स्विच खाली ओढतात. कोण काय करतंय ते बघत नाहीत. त्याशिवाय माणसं उठत नाहीत, हा त्यांचा अनुभव. त्या दिवशीही ओढला. तिन्ही पडदे काळे झाले. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली.

मी भडकले. "आप्पा, दिवसभराचं काम गेलं की ओ!"

"जाऊ दे की. सकाळी बघू कुठलं जित्तं हाय."

सकाळी बघितलं. फुकटच्यानं अर्धा तक्ता दिला आणि वर दुरुस्ती करू का म्हणून विचारलं. माझ्या लाडक्या जुन्यानं शेवटच्या ओळी गिळल्या. ऑनलाइनचा तक्ता पूर्ण होता. नुसता पूर्ण नाही, आम्ही अर्धवट टाकलेल्या ओळींच्या पुढं आणखी भरलेला.

आप्पांनी चष्मा वर केला. "ह्ये कुणी केलं?"

"मी. सकाळी चहा पिता पिता, घरातनं, मोबाइलवर," सूनबाई म्हणाल्या.

आप्पांनी पडद्यावरच्या नव्या ओळी बोटानं मोजल्या. मग आप्पा म्हणाले, "मग कोल्हापुरातनं बी जमंल की." छापलेला कागद मात्र रोज टेबलावर पाहिजे, अशी अट घातली. ती मी आनंदानं पत्करली.

कोल्हापुरात सूनबाईंना मुलगी झाली. महिना-दीड महिना आम्ही त्यांना कामाचं काही विचारलं नाही. खुर्ची भिंतीला लागून तशीच होती, आणि पुतण्या दोनदा तिच्यापाशी घुटमळून गेला.

मग एका सकाळी माझ्या पडद्यावर, तक्त्यात, एक हिरवी चौकट, वर सूनबाईंचं नाव, आपली आपण सरकायला लागली. मी आप्पांना हाक मारली. ते येऊन माझ्या मागं उभे राहिले. चौकट एका ओळीवर थांबली, माझी चूक खोडली, बरोबर आकडा घातला आणि पुढं गेली. मला खूप बरं वाटलं.

तेवढ्यात संकेश्वरचे एक जुने दुकानदार आले. घाम पुसत त्यांनी ती भिंतीकडची खुर्ची ओढली.

"हितं कोण न्हाय न्हवं?"

"हाय," आप्पा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "सून बसलीया."

पाहुण्यांनी एकदा खुर्चीकडं बघितलं, एकदा आप्पांकडं, आणि खताच्या पोत्यावर जाऊन बसले.