एकोणीस एप्रन

शामलाला कराड सोडून पाच वर्षं झाली, पण 'बाई' अशी हाक ऐकायची तिची भूक काही गेली नाही. अकरा वर्षं तिनं तिथल्या मुलींच्या शाळेत शिवण शिकवलं होतं. नवरा रमेश आयटीतला; त्याला नेदरलँड्समध्ये नोकरी लागली आणि हीही मागोमाग आल्मेरेला आली. डच शिकता शिकता तिला एका शाळेत काम मिळालं. व्यवसाय शिक्षणाची शाळा. स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, शिवण, चित्रकला, सगळं एकाच लांबलचक वर्गात. शिकवायची इनेके, आणि शामला तिची मदतनीस. म्हणजे कात्र्या मोजायच्या, दोरे गुंडाळायचे, आणि एखादी पोर वेडीवाकडी टीप घालताना दिसली तरी तोंड मिटून उभं राहायचं. हे शेवटचं तिला फार जड जायचं हो!

जानेवारी २०२१. लॉकडाऊनमुळे शाळा बंद, चौदा-पंधरा वर्षांची ती मुलं आपापल्या घरी, आणि त्यात इनेकेला कोरोना झाला. विभागप्रमुख बासचा शामलाला फोन आला.

"तीन आठवडे ऑनलाइन तास तू घेशील? शेवटच्या शुक्रवारी मीही येऊन बसेन. मग पुढच्या वर्षी तुला स्वतःचा वर्ग देता येईल का, ते बोलू."

स्वतःचा वर्ग! फोन ठेवल्याबरोबर बाईसाहेबांनी कपाटातून कराडच्या शाळेत नेसायची ती कलकत्ता साडी काढली. मग कॅमेऱ्यात खांद्यापर्यंतच दिसणार हे आठवून परत ठेवली. मग पुन्हा काढली.

मुलांना एप्रन शिकवायचा ठरला. कापडाची दुकानं बंद, म्हणून घरातली जुनी चादर चालेल. मशीन नाही, म्हणून हातशिलाई. राहिला कागदी नमुना. शामलानं दोन दिवस जेवणाचं टेबल अडवून ब्राऊन पेपरवर एकोणीस नमुने आखले. काय ती रेघ, काय तो गळ्याचा गोल! सोबत काय कापायचं, कसं शिवायचं याची डचमधली चिठ्ठी. ती तपासायला तिनं लेकीला, वल्लरीला बसवलं.

वल्लरी मराठीतलं सगळं समजून उत्तर मात्र इंग्रजीत देणारी. तिनं नमुना उचलून पाहिला. "आई, इज धिस फॉर अ डॉल?"

"त्यांना कळतं गं. तू माझं डच बघ."

पाकिटं पोस्टानं पाठवता आली असती. पण नाही, शामला सायकलवर निघाली. समोरून वारा, नाकातून पाणी, आणि एकोणीस घरं. पाकीट पायरीवर ठेवायचं, बेल वाजवायची आणि दीड मीटर मागे सरायचं. दार उघडून कुणी हात हलवला की तिला वाटायचं, पुढं व्हावं, त्या पोराच्या हातात सुई द्यावी आणि वरून आपला हात धरावा. शिवण असंच शिकवतात. स्क्रीनवरून धावदोरा दाखवताना तिचे हात सारखे पुढं जायचे आणि लॅपटॉपला आपटायचे.

शेवटचा शुक्रवार आला. बास एका चौकोनात बसला. शामला म्हणाली, "दाखवा आपापले एप्रन."

एकोणीस एप्रन वर आले. वहीच्या पानाएवढे! कुठं फुलाफुलांचे, कुठं निळ्या चौकटींचे, नाड्यांसकट नीट शिवलेले एकोणीस इटुकले एप्रन. फेम्के नावाच्या मुलीनं तर तिच्या गिनिपिगला घातला होता.

शामलाला घोटाळा आत्ता कळला. कराडला नमुना नेहमी चौथ्या हिश्श्याच्या मापानं काढायचा, तो फाईलमध्ये चिकटवायचा, आणि मग स्वतःची मापं घेऊन मोठ्या कागदावर चौपट करायचा. पहिल्या तासापासून मुलींच्या अंगवळणी पडलेलं. चौपट करा हे सांगावं लागतं, हे अकरा वर्षांत तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलं बिचारी चिठ्ठीबरहुकूम वागली होती. आणि तीन आठवडे बाई सुई-दोरा जवळून दाखवत राहिल्या, कापड कुणाचं केवढं ते पाहिलंच नाही.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. कान लाल झाले होते. सगळे हसत होते, गिनिपिग तेवढा गंभीर. मग तिला काय झालं कोण जाणे, तोंडातून करडा आवाज निघाला, "हसणं पुरे. उलटी बाजू दाखवा."

एकोणीस एप्रन उलटे झाले. मग मात्र बाईंनी कुणाला सोडलं नाही. याची गाठ सुटणार, त्याचा टाका केवढा लांब, फेम्के, तुझी कड उसव आणि आत्ता माझ्यासमोर परत घाल. पोरं मुकाट्यानं उसवत होती, शिवत होती, दाखवत होती. अर्धा तास शामला बासला पार विसरली. आपण आल्मेरेत आहोत हेही विसरली.

मुलांना आवरायला पाच मिनिटं दिली, तेवढ्यात बासचा फोन आला. डच माणूस, आडपडदा नाही.

"तुला शिकवता येतं, शामला. पण मी विचारून घेतलं. स्वतःच्या वर्गासाठी तुझी भारतातली पदविका इथं पुरत नाही. आधी चार वर्षांचा अभ्यासक्रम करावा लागेल. आणि हा एप्रन मुलांना पुन्हा शिवावा लागेल, मोठा. सोमवारपासून इनेके येतेय."

चार वर्षं. शामलाला सत्तेचाळिसावं लागलं होतं.

ती स्क्रीनपाशी परत आली, सगळ्यांना शाबासकी दिली, निरोप घेतला. एकेक चौकोन नाहीसा झाला. फेम्के तेवढी राहिली.

"सोमवारी तुम्हीच ना?"

"नाही. इनेके बरी झालीय."

"मग तुमचा वर्ग परत कधी?"

"कड आता छान जमलीय तुझी," एवढं शामला म्हणाली. फेम्केही गेली.

रमेश चहा घेऊन आला. "काय म्हणाला बास?"

"शिकवता येतं म्हणाला."

"अरे वा! मग?"

"मग काही नाही हो. मला माझा वर्ग पाहिजे होता."

आणि ती रडायला लागली. कराडच्या निरोप समारंभात सगळ्या मुली रडल्या होत्या, ती नव्हती रडली. तेव्हा तिला वाटलं होतं, वर्ग काय, कुठंही मिळेल.