राखोलीच्या पानावरचं नाव

देवावर माझा राग नव्हता, भरवसा नव्हता एवढंच. सिल्वासाजवळच्या राखोलीच्या एका सूत कारखान्यात मी गुणवत्ता तपासतो. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, हे वर्षानुवर्षं लोकांना ऐकवून माझी जीभच तशी झाली आहे. त्यामुळे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांच्या आजोबांचा माग काढायला सांगितलं तेव्हा मी आधी कागद मागितले. कागद कसले! लाकडाच्या कामाला जातो म्हणून ते खानदेशातल्या आमच्या गावातून निघाले आणि परतलेच नाहीत. तिकडे दुसरं घर मांडलं असणार, असं भाऊबंदांनी ठरवून टाकलं. माझे आजोबा तेव्हा पाळण्यात होते. मोठेपणी त्यांनी श्राद्धातून बापाचं नाव गाळलं आणि आबांनीही तोच शिरस्ता पाळला.

आता आबांचं हृदय थकलं होतं. सिल्वासात टोकरखाड्याच्या आमच्या घरात खिडकीशी बसून ते एकच विचारायचे, "त्याले पाणी कोणी दिलं असंल का रे? माह्या हातून तं राहूनच गेलं." शेवटी त्यांच्या समाधानासाठी त्यांना त्र्यंबकेश्वरी नेलं. तिथल्या उपाध्यायांच्या वह्यांत गावागावाच्या घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. आधी दर्शन घेतलं. आबा म्हणाले, तूही काही माग. मला मागता येईना. मनात एवढंच म्हणालो की माझी अक्कल इथे चालत नाही, दाखवायचं असेल तर तूच दाखव.

गुरुजींनी आमच्या गावाची वही काढली. माझ्या आजोबांची सही सापडली, आबांची पोरवयातली वेडीवाकडी सही सापडली, पण ज्यांना शोधत होतो त्यांची ओळच नव्हती. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं, झालं, आता हा माणूस ही खंत घेऊनच जाणार.

आलात तर तुमचीही नोंद करून जा, असं गुरुजी म्हणाले. तसा रिवाजच आहे. त्यांनी नाव लिहिलं, मुलांची नावं लिहिली आणि सध्याचा मुक्काम विचारला. मी सिल्वासा सांगितलं, आणि नोकरी राखोलीला, हेही उगाच जोडलं. त्यांची लेखणी थांबली. त्या बाजूचं एक जुनं बाड आहे, फारसं कोणी विचारत नाही, असं म्हणून ते उठले. माळ्यावरून बाड काढलं, पानं उलटली आणि मोडीतल्या एका ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. आमचं गाव. माझ्या पणजोबांचं नाव. त्यांच्या वडिलांचं नाव.

"मुक्काम राखोली, दमणगंगेकाठी, तापाने वारले. अस्थी आणणारा शेजारी जान्या. घरचे कोणी आल्यास सांगावे, गावी जाण्यास निघाले होते."

खाली जान्याचा अंगठा. मी गुरुजींना पुन्हा वाचायला लावलं. सगळे शोधतात तसे आम्हीही आपल्या गावाच्या पानावर शोधत होतो. घरी पोचू न शकलेल्या माणसाची नोंद त्याचा देह पडला त्या गावाच्या पानावर होती. आणि त्याच नदीच्या पुलावरून मी नऊ वर्षं रोज, ट्रकवाल्यांना शिव्या घालत, कामावर जात होतो.

देवानं मदतीला माणूस पाठवला, असं लोक सांगतात. आमच्यासाठी पाठवलेला माणूस माझ्या जन्माच्या कितीतरी आधी, परक्याच्या अस्थी घेऊन, राखोलीहून घाटावर चढून आला होता. हे कसं घडलं, मला सांगता येत नाही. मी फक्त हात जोडतो. माझी वही देवाच्या वहीपुढे फार लहान आहे, एवढं मात्र कळलं.

त्या पितृपक्षात आबांना राखोलीला नदीवर नेलं. पाण्यात उभं राहून, ओंजळीनं पाणी सोडत त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, न गाळता, आजोबांचं. मला वाटलं झालं, म्हणून मी त्यांना धरायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा ओंजळ भरली.

"थांब," ते म्हणाले, "जान्याचं राहिलं."