वरचा आणि खालचा

डोंगरावरच्या जंगलात पक्षी मोजण्याची नोकरी त्यानं जन्मभर केली. लोक त्याला ‘कानवाले’ म्हणत, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. तिथं अंगठ्याएवढ्या हिरवट पक्ष्यांच्या दोन जाती. एक खालच्या जंगलातला, दुसरा वर कड्याजवळच्या धुक्यातला. शेजारी शेजारी बसवले तर ज्यानं घडवले तोसुद्धा डोकं खाजवील. फरक काय तो आवाजात. खालचा नुसती बडबड करायचा. वरचा एकच बारीक, लांब शीळ घालून गप्प व्हायचा.

ती शीळ हा गडी घरीही घालायचा. शिलाई मशीनवरून बायको म्हणायची, “आली माझी सवत!”

वर्षभर कड्यावर ती शीळ ऐकू येईना. खालचे मात्र चढत चढत पार तिथवर पोचलेले. डॉक्टरांनी कान तपासले. वयानं बारीक आवाज आधी जातात, म्हणाले. दुसरा कुणी हातपाय गाळून बसला असता. हा बाबा खुशीत घरी आला. कान गेले तर गेले, पक्षी तर आहे!

पण मनातली पाल चुकचुकायची थांबेना. बायकोचे कान तिखट. शेजाऱ्यांकडे चमचा पडला तरी तिला कळायचं. तिचे गुडघे दुखत असतानाही त्यानं तिला हाताला धरून कड्यापर्यंत चढवलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्या जंगलात आली होती.

दोघं एका ओल्या खोडावर बसून राहिली. परीक्षेचा निकाल बघावा तसा तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“काय गं?”

“थांबा की जरा.” बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “हो, आली! तुमचीच शीळ.”

“कुठून?”

“ते काय, त्या उंच झाडाच्या शेंड्यावरून.”

वरचा पक्षी जमिनीलगतचं झुडूप कधी सोडत नाही. शेंड्यावर तो मेला तरी जायचा नाही. हे तिला सांगायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं. तिनं काहीच ऐकलं नव्हतं.

“म्हणजे माझेच कान गेले म्हणायचे,” तो कसाबसा म्हणाला.

“मग! कधीची सांगतेय मी,” ती म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली.

उतरताना तो वाटेत कुठंही कान देऊन थांबला नाही. का थांबत नाही, हे तिनंही विचारलं नाही.